टकटक म्हणजे चेक नव्हे

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तू दोन मिनिटांत आवाज चढवतेस आणि तिसऱ्या मिनिटाला ठेवून देतेस. म्हणून जुन्या पद्धतीनं लिहितोय. पत्रात मधेच तोडता येत नाही, एवढा तरी फायदा.

तुझ्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, शनिवारी पत्त्यांच्या क्लबात तू इतकी भांडलीस की शेजारच्या कॅरमच्या खोलीतले लोक खेळ सोडून बघायला आले. पोकरवरून! ताई, अगं, तुझ्यापुढे तोंड उघडायला लोक घाबरायचे ते दातांच्या भीतीनं. आता काय तुझ्या तोंडाच्या भीतीनं घाबरायचे का?

दवाखाना का बंद केलास हेही तू धड सांगितलं नाहीस. 'कंटाळा आला' म्हणालीस. ज्या बाईला दाढ काढताना गाणं सुचायचं तिला कंटाळा आला, हे मला पटलेलं नाही. आणि पत्रं टाइप करून पाठवायला कधीपासून लागलीस? सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतं. तुझं ते मोत्यांच्या ओळीसारखं अक्षर कुठे गेलं?

वरची खोली रिकामीच आहे. दक्षिणेची खिडकी आहे, जिना सोपा आहे. ये इकडे. एकटीनं राहायचं, पत्ते कुटायचे आणि परक्यांशी भांडायचं, याला काय अर्थ आहे? बायकोचंही हेच म्हणणं आहे.

तुझा,
ढब्बू

१५ जानेवारी

चि. ढब्बू,
अनेक आशीर्वाद, आणि एक चापट. चापट आधी घे.

नर्सबाईंनी अर्धंच सांगितलं. आता पूर्ण ऐक आणि मग अक्कल शिकव.

शनिवारी दुपारी आमचं सात जणांचं टेबल असतं. प्रत्येकाला दोन पत्ते, ते झाकलेले. मधे पाच पत्ते उघडत जातात, ते सगळ्यांचे. आपली पाळी आली की चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरतात त्या गोल चकत्या, लावायच्या, नाहीतर दुसऱ्यानं लावल्या असतील तेवढ्या जोडायच्या, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. आणि कुणीच लावलं नसेल तर 'चेक' करता येतं. म्हणजे, मी आत्ता लावत नाही, पुढचा काय करतो बघू. चेक तोंडानं म्हणायचं किंवा बोटांनी टेबलावर टकटक करायची. दोन्ही चालतं. सगळी गोम इथेच आहे.

आमच्यात एक गृहस्थ आहेत. उन्हाळ्यातसुद्धा कोट घालतात, म्हणून मी त्यांना कोटच म्हणते. शेवटचा पत्ता उघडला. माझ्याकडे तीन राण्या आणि दोन नव्वे, म्हणजे बहुतेकांची झोप उडवणारा हात. पाळी माझी. किती लावावं, कोटानं पळून जाऊ नये आणि स्वस्तातही सुटू नये, असा विचार करत होते. विचार करताना बोटं टेबलाला लागली. बस्स! कोट ओरडला, 'चेक झालं! माझंही चेक!' आणि पत्ते उघडे टाकून मोकळा. पत्ते उघडले की डाव संपला. मी लावायचं ते राहिलंच.

मी म्हटलं, मी चेक केलेलं नाही. मॅनेजर आला. हा माणूस टाय इतका आवळतो की मेंदूला रक्त पोचत नसावं. म्हणाला, 'मॅडम, टकटक म्हणजे चेक. नियम म्हणजे नियम.' आणि हाच कोट, ढब्बू, हाच, दर डावाला चिप्सची चळत मुठीत धरून हात पुढे नेतो, टेबलावरच्या रेषेवर, जिच्यापलीकडे सोडल्या की चिप्स लागल्या, तिथे आणून थांबवतो, समोरच्याचा चेहरा न्याहाळतो आणि हात मागे घेतो. 'अजून सोडल्या नाहीत हो!' तेव्हा मॅनेजर मूग गिळून बसतो. त्याचा हात अर्ध्या वाटेवरून परत येतो तो 'विचार', आणि माझी बोटं जरा लागली ती 'खेळी'. चोर सोडून संन्याशाला फाशी!

हो, तो डाव मीच जिंकले. राण्या माझ्या होत्या. तरीही भांडले. माझ्या पाळीला मी काय केलं ते कोटानं ठरवायचं नाही. पुढच्या महिन्यात क्लबच्या कमिटीपुढे विषय आहे. मी माघार घेणार नाही.

दवाखान्याचा मला कंटाळा आला. टाइप करायची मला हौस आली. खोलीत बायकोचं शिलाई मशीन ठेव.

तुझी,
ताई

२२ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा घाबरलो.

जिंकलीस तरी भांडलीस? असं भांडण कोण करतं माहीत आहे का? ज्याला खेळ सोडता येत नाही तो. राग मानू नकोस, मी लिलाव पुकारतो, माणसं बघण्यातच माझं आयुष्य गेलं. फुटकी फुलदाणी हवीच म्हणून इरेला पेटलेले डोळे मला लांबून कळतात. दवाखाना बंद केलास, आणि आता शनिवारची वाट बघत बसतेस. दोन अधिक दोन मलाही करता येतात.

आणि एक सांग. विचार करताना बोटं वाजवायची सवय तुला कधी लागली? लहानपणी आपण पत्त्यांचा बंगला करायचो तेव्हा तू श्वाससुद्धा रोखून धरायचीस. माझा हात लागून पडायचा, तुझा कधीच नाही. काहीतरी लपवतेस तू. कर्ज झालंय का? झालं असेल तर सरळ सांग, मी ओरडणार नाही. म्हणजे फार ओरडणार नाही.

मी येतोच आहे. एकदा समोरासमोर बोलू.

ढब्बू

२६ जानेवारी

ढब्बू,

येऊ नकोस. कर्ज नाही, व्यसन नाही, आणि माझी चौकशी करायला मी तुझ्या लिलावातलं कपाट नाही. उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

आलास तर दार उघडणार नाही. मी बोलते ते करते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

ताई

६ फेब्रुवारी

ती. ताईस,

मी आलो होतो.

तुझ्या घरी नाही. दार उघडणार नाहीस म्हणालीस, तर परीक्षा कशाला घ्या? शनिवारी सरळ क्लबात गेलो. खांबामागे बघ्यांसाठी खुर्च्या आहेत तिथे बसलो. तुझी पाठ माझ्याकडे होती, पण बाजूनं हात दिसत होते. तुझी खुर्ची खिडकीकडची, ती तू कुणाला देत नाहीस असं शेजारचा मला कौतुकानं सांगत होता. मी तुझा भाऊ आहे हे त्याला बोललो नाही.

तुझा उजवा हात बघितला, ताई. डाव्या हातानं तू त्याचं मनगट दाबून धरलं होतंस. चिप्स उचलायची वेळ आली की सोडायचीस आणि मग तो थरथरायचा, चिप्स एकमेकींवर वाजायच्या. चहा आला तो अर्धाच कप, आणि तू तो टेबलावरच ठेवून, मान खाली नेऊन प्यालीस. मला सगळं एका क्षणात कळलं. टाइप केलेली पत्रं, दवाखाना, सगळं. मी काय काय लिहिलं तुला! इरेला पेटलेले डोळे म्हणे. माझ्या कानशिलात मारायला हवी होती कुणीतरी. रडू आलं म्हणून उठून निघून आलो. गाडीत शेजारच्या बाईनं मला न विचारता पाणी दिलं.

निघण्याआधी मॅनेजर तुला म्हणाला तेही ऐकलं: 'मॅडम, कमिटीचं ठरेपर्यंत हात टेबलाखाली ठेवा, किंवा सोबत कुणीतरी आणा, ते तुमचे पत्ते आणि चिप्स हलवतील.' त्यावर कोट म्हणाला, 'नाहीतर आराम करा. वय झालं की खेळ बघण्यातही मजा असते.' असलं काही ऐकून घ्यावं लागतं हे तू मला कधी लिहिलं नाहीस. आणि त्यानंतर दोनच डावांनी त्यानं ते रेषेपर्यंत हात नेऊन मागे घ्यायचं नाटक केलं. तिथेच उठून त्याचा कोट धरावासा वाटला.

आमच्या लिलावात मान हलली की बोली धरतात. आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, पूर्वी जहाजावर होते, सगळे कप्तान म्हणतात. त्यांची मान सारखी हलते. एका सकाळी नको असलेली तीन कपाटं त्यांच्या गळ्यात पडणार होती. मी हातोडा खाली ठेवला आणि म्हटलं, 'कप्तान, तुमची मान मी धरत नाही. हवं असेल तर तोंडानं आकडा बोला.' तेव्हापासून तसंच चालतं. तूही डॉक्टरांचा दाखला घे आणि कमिटीकडून एवढी सवलत मागून घे. देतील ते.

आणि नाही दिली तर वरची खोली आहे.

तुझा,
मूर्ख भाऊ

१२ फेब्रुवारी

ढब्बू,

खांबामागे लपून बहिणीवर पाळत ठेवतोस? लाज नाही वाटली? आणि आलास तर जेवायला तरी थांबायचंस, गधड्या.

बरं. बघितलंसच तर आता ऐक. हात वर्षभरापासून थरथरतोय. कंपवात. आधी अंगठा, मग सगळा पंजा. एका सकाळी खुर्चीवर एक बाई बसली होती, तोंड उघडून, डोळे मिटून, माझ्यावर विश्वास ठेवून. मी ड्रिल हातात घेतलं आणि परत ठेवलं. तिला म्हटलं, मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत होतं. त्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावलं आणि आतल्या खुर्चीवर, पेशंटच्या जागेवर, बसून खूप रडले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी कीव केली असती आणि तू पहिल्या गाडीनं मला उचलून नेलं असतंस.

दवाखाना मी स्वतः बंद केला. तिथे माझ्या हातानं दुसऱ्याला इजा झाली असती, म्हणून कुणी सांगायच्या आधी उठले. पण पत्त्यांच्या टेबलावर माझा हात कुणाला टोचतो? तिथे लागते अक्कल. थरथरतो तो हात, माझी अक्कल नाही! ती खुर्ची मी सोडली तर उद्या म्हणतील भाजी चिरू नका, परवा म्हणतील एकटीनं जिना उतरू नका, आणि मग एके दिवशी मी तुझ्या वरच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीत उन्हाला ठेवलेल्या लोणच्यासारखी बसलेली असेन. मला भीती वाटते ढब्बू. हाताची नाही, त्याची.

आता तुझ्या कप्तानाबद्दल. सोन्यासारखी गोष्ट सांगितलीस आणि तिचं मातेरं केलंस. सवलत! दाखला! 'या बिचाऱ्या बाईचं जरा सांभाळून घ्या' अशी पाटी गळ्यात अडकवून मी कोटासमोर बसू? सवलत नको मला. मला नियम हवा, आणि तो सगळ्यांना हवा. शनिवारच्या टेबलावर खेळी फक्त तोंडानं. हाताच्या खुणेला, कुणाच्याही, काडीची किंमत नाही. माझी टकटक मोजू नका आणि कोटाचा रेषेवरचा नाचही मोजू नका. ज्याची पाळी त्यानं बोलावं, आणि बोललेला शब्द परत नाही.

कमिटी एकोणीसला बसतेय. मॅनेजरनं आजच सुचवलंय की माझी खुर्ची 'तात्पुरती' दुसऱ्याला द्यावी. तात्पुरती हिरडी बधिर करतात, खुर्ची नाही.

ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,

हट्टी होतीस आणि हट्टीच राहणार. पण नियम बरोबर आहे. तीस वर्षं हातोडा मारतोय, मला सुचायला हवा होता.

तरी सांगतो, कमिटीनं नाही म्हटलं तर खचू नकोस. मी वरच्या खोलीसाठी रंग आणला आहे. फिकट पिवळा, तुला आवडतो तो. नुसता आणून ठेवलाय, बाकी काही नाही. हो म्हण असं म्हणत नाही.

आणि बैठकीत आवाज चढवू नकोस. खरं तर, चढव.

ढब्बू

२८ फेब्रुवारी

चि. ढब्बू,

हे हातानं लिहितेय. अक्षर मुंग्यांनी वरात काढल्यासारखं झालंय, दोन ओळी तर एकमेकींना भेटायलाच गेल्यात. वाचता आलं नाही तर चष्मा बदल. यापुढे असंच येणार.

बैठकीला कोट आला होताच. मॅनेजरनं माझ्या खुर्चीचा प्रस्ताव वाचला. मी उठले नाही, नुसता उजवा हात टेबलावर ठेवला आणि मनगट सोडून दिलं. आजवर चारचौघांत कधी सोडलं नव्हतं. टकटक टकटक सुरू. सगळे बघायला लागले. माझे कान तापले होते, पण म्हटलं बघा, पोटभर बघा. मग विचारलं, 'हे काय झालं? चेक? मग आल्यापासून मी किती वेळा चेक केलं ते सांगा.' मग कोटाला म्हटलं, 'आता तुम्ही तुमचा हात करून दाखवा.' तो म्हणाला, 'कसला हात?' तेव्हा पत्ते वाटणारी मुलगी, जी कधी तोंड उघडत नाही, तिनं कपबशी हातात धरून हुबेहूब करून दाखवलं. पुढे, रेषेवर, थांबली, डोळे बारीक, मागे. अख्खी खोली हसली. मी विचारलं, ही खेळी होती का? तिघं हो म्हणाले, तिघं नाही, आणि अध्यक्ष म्हणाले, 'माणसावर अवलंबून आहे.' मी म्हटलं, 'तेच तर! माणसावर अवलंबून आहे म्हणूनच मला नियम हवाय. खेळी फक्त तोंडानं, सगळ्यांची.'

कोट म्हणाला, यानं खेळाची गंमत जाईल, हा शांततेचा खेळ आहे. मी म्हटलं, शांतता ठेवा की, फक्त तुमची पाळी आली की एक शब्द खर्च करा. मॅनेजरनं पुन्हा सोबतीचा विषय काढला. त्याला सांगितलं, 'सोबत लागेल तेव्हा मी लग्न करीन, तुम्ही काळजी करू नका.' शेवटी ती पत्ते वाटणारी म्हणाली, 'मलाही सोपं जाईल. दर वादात दोन्हीकडून शिव्या मीच खाते.' त्यावर हात वर झाले. नियम पास, शनिवारच्या टेबलापुरता. कोटानं हात वर केला नव्हता, पण तो खेळायला येणार नाही असंही म्हणाला नाही.

आता कालचा शनिवार ऐक. हात मी टेबलावर उघडा ठेवला. तो आपला वाजत होता, पत्ते वाटणारी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. तिसऱ्या की चौथ्या डावाला शेवटी मी आणि कोट उरलो. माझे पाच पत्ते एका रंगाचे, बदामाचे. पाळी त्याची. त्यानं चळत उचलली, हात पुढे, रेषेवर, माझ्याकडे बघत थांबला. मुलगी म्हणाली, 'साहेब, शब्द?' तो तसाच. ती पुन्हा म्हणाली, 'शब्द, साहेब.' त्याचा हात तिथे टांगलेला आणि कुणी त्याच्याकडे बघतही नाही. सगळे तोंडाकडे बघत होते. शेवटी तो म्हणाला, 'चेक.'

मी मनात म्हटलं, घाबरला! आणि मोठ्यांदा, खणखणीत आवाजात बोलले, 'सगळं.' पुढ्यातल्या सगळ्या चिप्स. हातानं ढकलल्याही नाहीत.

'कॉल,' कोट म्हणाला, म्हणजे तेवढ्याच त्यानंही जोडल्या. तीन अठ्ठे आणि दोन गुलाम! माझ्या रंगाच्या वरचढ. घाबरला कुठला, नाटक करून मलाच बोलतं केलं त्यानं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खोटं नाही. पुढ्यात एक चिप उरली नाही.

हरले, ढब्बू. साफ हरले. आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू! चूक माझी होती. माझ्या अकलेनं केली आणि माझ्या तोंडानं बोलून दाखवली. थरथरणाऱ्या हाताचा तिच्याशी काही संबंध नव्हता. कुणी 'बिचारी' म्हणालं नाही. कोट तर चिप्स ओढताना हसला, अगदी कुणालाही हरवल्यावर हसतो तसा.

मी नवीन चिप्स घेतल्या आणि बसले. पुढच्याच डावाला कोटाची पाळी आली. सवयीनं त्यानं बोटांनी टेबलावर टकटक केली आणि खुर्चीला टेकला. पत्ते वाटणारी थांबली. सगळे थांबले. त्यानं आमच्याकडे बघितलं, आम्ही त्याच्याकडे. मग त्याला आठवलं. कोटाची गुंडी चाचपत पुटपुटला, 'चेक.'

'ऐकू आलं नाही,' मी म्हटलं. त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यांदा.

पुढच्या शनिवारीही मी त्याच खुर्चीत असेन. तुला यायचं तर ये, पण खांबामागे नाही, माझ्या शेजारी बस, आणि जेवून जा. चहा मी अर्धा कपच देईन, दोनदा पी.

फिकट पिवळा रंग मला आवडतो, हे तू लक्षात ठेवलंस. वाचताना डोळे भरून आले, ते काही मी नाकारत नाही. लावून टाक तो रंग भिंतींना, आणि खोली भाड्यानं दे.

तुझी,
ताई